एमसीबी पडतो, पडू द्या

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींपलीकडे जुनं गावठाण आहे. अशा जुन्या घरांची वायरिंग बहुधा दोन ट्यूब, पंखा, टीव्ही एवढ्याच हिशेबाने केलेली. त्यावर आता २,००० वॅटचा गिझर! २३० व्होल्टवर तो एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. मग एमसीबी पडतो आणि आपण वायरमनला म्हणतो, "दादा, मोठा टाकून द्या." तो टाकतोही. पण एमसीबी असतो वायर वाचवायला. मोठा बसवला तर आधी वायरच जळेल. चांगला परवानाधारक वायरमन बोर्ड उघडून ढिले स्क्रू, काळवंडलेलं इन्सुलेशन बघतो, मेगर लावून वायरीचं इन्सुलेशन मोजतो, अर्थिंग तपासतो. माणसाला शॉकपासून वाचवायला मात्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी लागते.