जिंकल्यानंतरचं ओझं

मुलगी दहावीत पहिली आली, की पेढ्यांसोबतच प्रश्न येतो, 'बारावीला किती मार्क पाडशील?' धामणगाव बढे असो की मुंबई, जिंकणाऱ्याला उसंत नाही. अजित वाडेकरांचंच बघा ना! १९७१ मध्ये त्यांच्या कप्तानीखाली भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच मालिका जिंकल्या. केवढं कौतुक! इंदूरला तर भली मोठी बॅट उभारली. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरलो, लॉर्ड्सवर ४२ धावांत सगळे बाद. मग त्याच बॅटला काळं फासलं, वाडेकरांच्या घरावर दगड पडले. खेळले अकरा जण, दगड मात्र कप्तानाच्या दारात! घरात बायकामुलं असतात, हे सुचतच नाही कुणाला. पश्चिम विभागानेही वगळलं, त्यांनी खेळणं सोडलं. पुढे तेच वाडेकर संघाचे व्यवस्थापक झाले आणि १९९३ मध्ये भारताने मायदेशी इंग्लंडला ३-० हरवलं.