नोंद, चित्र आणि जागा : पन्हाळा–विशाळगड वाटेची फाइल कशी वाचावी

आजचा विषय वरवर पाहिला तर तांत्रिक आहे. जीपीएसनं नोंदवलेली एक छोटीशी फाइल संगणकावर उघडायची आणि उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहायची, एवढंच. पण त्यात ज्ञानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. समोर जे दिसतंय ते आपण कशाच्या आधारावर खरं मानतो? कोल्हापूरकरांसाठी हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून मसाई पठार, पांढरेपाणी, पावनखिंड असं करत विशाळगडाकडे माणसं चालत जातात. १६६० च्या जुलैमधल्या त्या रात्रीची आठवण म्हणून जातात. हल्ली अनेकांच्या मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेली त्या वाटेची फाइल असते. पठारावर धुकं उतरलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं, की पाय त्या फाइलीच्या भरवशावर पडतात.

या फायलींची देवाणघेवाण रुजली ती एका खेळामुळे. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थानं ओरेगॉनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि म्हणाला, शोधा! हेच जिओकॅशिंग. डबा लपवायचा, आकडे सांगायचे, दुसऱ्यानं शोधून आतल्या वहीत सही करायची. २००२ मध्ये अशा नोंदींसाठी जीपीएक्स हा सामायिक नमुना आला. आपले गडप्रेमी आज वापरतात तो हाच.

ही फाइल म्हणजे नकाशा नव्हे. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत फक्त मजकूर असतो. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. पुन्हा अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. सुटे बिंदू असतील तर ती ठिकाणं, ओळीनं मांडलेले असतील तर ती वाट. वेळ जागतिक घड्याळाची असते. पन्हाळ्यावरून सकाळी सहाला निघालात तर फाइलीत साडेबारा दिसतील, मध्यरात्रीनंतरचे. घाबरायचं कारण नाही, साडेपाच तास मिळवायचे.

गुगल अर्थ प्रो हे संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर ही फाइल थेट उघडतं. उघडताना ते विचारतं, उंची जमिनीला जुळवून घेऊ का? बरेच जण न वाचताच पुढे जातात आणि मग वाट डोंगराच्या पोटात शिरलेली दिसते. याचं कारण समजून घेऊ. काही यंत्रं उंची समुद्रसपाटीपासून न मोजता पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात. आपल्या भागात या दोन मोजण्यांत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. यंत्रानं दिलेला आकडा तेवढा कमी येतो आणि रेघ जमिनीखाली जाते. तेव्हा तो पर्याय निवडावा.

आकडे हातानं भरताना दोन घोटाळे नेहमी होतात. पन्हाळा साधारण १६.८१ उत्तर आणि ७४.११ पूर्व इथे आहे. हे दोन आकडे उलटसुलट झाले तर पन्हाळा थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो. ही चूक लगेच कळते. दुसरी कळत नाही. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि मिनिटं लिहायची पद्धत आहे, म्हणजे १६ अंश ४८.६ मिनिटं. ते कुणी १६.४८६ असं भरलं तर जागा सुमारे ३६ किलोमीटर दक्षिणेला सरकते. तिथेही डोंगर, तिथेही झाडी. चित्र अगदी पटण्याजोगं दिसतं. ढोबळ चूक स्वतःच ओरडून सांगते, पटण्याजोगी चूक गप्प बसते.

आता मुख्य मुद्दा. न्यायदर्शनानं ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फाइल हे शब्दप्रमाण आहे. कुणीतरी सांगतंय की मी इथून गेलो. उपग्रहाचं चित्र मात्र आपल्याला प्रत्यक्षासारखं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. ते चित्रही कुणीतरी, कधीतरी टिपलेलं असतं. ढग नसलेलं चित्र हवं म्हणून ते बहुधा कोरड्या दिवसांतलं असतं. तारीख खालच्या पट्टीत लिहिलेली असते, ती जरूर वाचा. फेब्रुवारीच्या चित्रात कोरडी दिसणारी घळ जुलैमध्ये कमरेएवढा ओढा असू शकते.

मग रेघ चित्रातल्या पायवाटेवर नेमकी बसली की आपण म्हणतो, दोन साक्षीदारांचं जमलं! पण साक्षीदार खरंच दोन आहेत का? कित्येक फायली प्रत्यक्ष चालून केलेल्या नसतात. घरी बसून, याच चित्रावर माउसनं रेघ ओढून केलेल्या असतात. अशी रेघ चित्राशी जुळणारच, कारण ती चित्रातूनच आली. एकच साक्षीदार आपण दोनदा मोजतो. हे ओळखायचं कसं? फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि वेळा बघा. चाललेल्या माणसाच्या प्रत्येक बिंदूला सहसा वेळ असते. ओढलेल्या रेघेला बहुधा नसते. खरी चाल थोडी थरथरतेही, कारण उघड्या आभाळाखालीसुद्धा मोबाइल पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि दाट झाडीत, खिंडीत त्याहून जास्त. म्हणजे बघा, चित्राशी तंतोतंत जुळणारी रेघच अधिक संशयास्पद!

शब्दप्रमाण हे आप्ताचं वचन असावं लागतं. ज्याला गोष्ट माहीत आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो, तो आप्त. म्हणून फाइल घेताना तीन गोष्टी विचारा : कोण चाललं, कोणत्या महिन्यात, कोणत्या यंत्रानं? आणि निघण्यापूर्वी वाटेवरच्या वाडीत चौकशी करा. कालच्या पावसानंतर ओढा कसा आहे, हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं, उपग्रहाला नसतं.

आणि आपण स्वतः फाइल पाठवतो तेव्हा आप्तपणाची जबाबदारी आपल्यावर येते. तारीख आणि ऋतू लिहा. जिथे वाट चुकलात तो तुकडा काढून टाका, किंवा तिथे तसं नोंदवा. न चाललेला भाग जोडला असेल तर स्पष्ट सांगा. त्या रेघेवर धुक्यात कुणाचं तरी पाऊल पडणार आहे.