बुरशी नसलेली 'बुरशी'

1885 साली विल्यम ऑस्लर यांनी लंडनमध्ये हृदयाच्या आतल्या अस्तराच्या जंतुसंसर्गावर व्याख्यानं दिली. त्यांत महाधमनीवर आलेल्या फुगवट्यांना त्यांनी 'मायकॉटिक' म्हटलं. शब्दाचा अर्थ बुरशीचा. प्रत्यक्षात कारण बहुधा जिवाणू असतात, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' ऐकलेल्या आपल्या कानांना ते हमखास फसवतं. बुरशीवरच्या औषधाचा इथे सहसा काडीचा उपयोग नाही.

मला या आजारात गुंतवून ठेवलं ते त्याच्या उपचारातल्या पेचाने.

पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. 3 सेंटिमीटरला तिला ॲन्युरिझम म्हणतात. नेहमीच्या ॲन्युरिझमवर सोनोग्राफीने नजर ठेवतात, पुरुषांत शस्त्रक्रियेचा विचार साधारण 5.5 सेंटिमीटरला होतो. संसर्ग झालेल्याला ही मोजपट्टी लागू नाही. टायफॉइडच्या कुळातले साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकॉकस रक्तातून येतात, उतारवयात चरबीच्या थरांनी खडबडीत झालेल्या अस्तरात घर करतात आणि भिंत कुरतडतात. एका बाजूला पिशवी लोंबते, ती काही दिवसांत वाढते, लहान असतानाही फुटते. लक्षणं काय, तर ताप आणि पाठदुखी! म्हाताऱ्या माणसाची पाठदुखी कोण मनावर घेतं?

अँटिबायोटिक तर लगेच सुरू करायचंच, पण नुसत्या औषधाने कुरतडलेली भिंत सांधत नाही. ती कापून काढावी, तर रक्त पायांपर्यंत न्यायचं कसं? कृत्रिम नळी त्याच दूषित जागी बसवली तर जंतू तिच्यावरही चढतात. म्हणून कुणी काखेजवळच्या धमनीपासून कातडीखालून जांघेपर्यंत नळी नेतात. मग मागे उरलेलं महाधमनीचं शिवलेलं टोक फुटण्याची धास्ती राहते. कुणी रुग्णाच्याच मांडीतली खोल शीर वापरतात, कुणी रिफॅम्पिसिनमध्ये भिजवलेली नळी.

तिसरी वाट जांघेतून आत सरकवलेल्या स्टेंट-नळीची. संसर्ग आत तसाच ठेवून त्यावर नळी घालणं मला सुरुवातीला अशास्त्रीयच वाटलं होतं. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या देशव्यापी अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत स्टेंटवाले रुग्ण अधिक संख्येने वाचलेले दिसले, आणि पुढेही ते मागे पडले नाहीत. थकलेल्या देहाला पोट उघडण्याचा धक्का झेपत नाही, हे त्यामागचं एक उघड कारण.

अर्थात आत राहिलेल्या जंतूंचा हिशेब चुकत नाही. औषध अनेक महिने, काहींना जन्मभर घ्यावं लागतं, आणि सीटी स्कॅनच्या फेऱ्याही सुटत नाहीत.