एकनळी बंदुकीची बदली नळी

एकनळी बंदुकीची बदली नळी म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या बंदुकीच्या त्याच सांगाड्यावर व दस्त्यावर मूळ नळीच्या जागी बसवता येणारी दुसरी नळी होय. अशा बंदुकीची नळी हत्याराशिवाय किंवा एखादा स्क्रू काढून वेगळी करता येते. त्यामुळे एकाच बंदुकीवर निरनिराळ्या व्यासांच्या वा लांबीच्या नळ्या वापरण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. भारतात, आणि विशेषतः अकोला-अमरावती भागात, एकनळी बंदूक प्रामुख्याने पीकसंरक्षणासाठी बाळगली जाते. येथे नळी बदलणे हा तांत्रिक विषय आहे आणि तितकाच कायद्याचाही. नळी सुटी निघत असली तरी ती सुटी वस्तू मानली जात नाही. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती विशिष्ट सांगाड्याशी जुळवलेला भाग असते, तर कायद्याच्या दृष्टीने तो अग्निशस्त्राचाच भाग असतो.

रचना

काडतुसाची एकनळी बंदूक बहुधा बिजागरीच्या पद्धतीची असते. तिचे मुख्य भाग चार: नळी, सांगाडा (चाप, घोडा व आघातपिन ज्यात बसवलेली असतात तो लोखंडी भाग), खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणि नळीखालचा पुढचा दस्ता. कळ दाबली की नळी बिजागरीवर खाली झुकते व तिचे मागचे तोंड उघडे पडते. त्यात काडतूस ठेवून नळी वर उचलली की खालचा अडसर तिच्या खाचेत बसतो आणि नळीचे मागचे तोंड सांगाड्याच्या उभ्या भिंतीला टेकते. चाप ओढल्यावर घोडा सुटतो, आघातपिन काडतुसाच्या टोपीवर आदळते आणि बार होतो.

पुढचा दस्ता काढल्यास नळी बिजागरीच्या खिळ्यावरून उचलून घेता येते. बंदूक साफ करणे व वाहून नेणे सोपे व्हावे हा या रचनेचा मूळ उद्देश होता. दुसरी नळी बसवण्याची शक्यता हा तिचा आनुषंगिक फायदा ठरला.

ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे नळीच्या पुढच्या तोंडातून भरले जातात. तिची नळी मागून बंद असते. त्यामुळे बदली नळीचा विचार मुख्यतः काडतुसाच्या बंदुकीबाबतच केला जातो. परवान्यांच्या व्यवहारात काडतुसाच्या एकनळी बंदुकीला ‘एसबीबीएल’ आणि दुनळीला ‘डीबीबीएल’ ही आद्याक्षरे प्रचलित आहेत.

नळीचे बोअर

गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा व्यास ‘बोअर’ या जुन्या मापाने सांगतात. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतल्यास एका पौंडात (सुमारे ४५४ ग्रॅम) अशा जितक्या गोळ्या होतील, तितका त्या नळीचा बोअर. म्हणून आकडा वाढतो तसा व्यास कमी होतो. प्रचलित मापे अशी:

• १२ बोअर – सुमारे १८.५ मि.मी.
• १६ बोअर – सुमारे १६.८ मि.मी.
• २० बोअर – सुमारे १५.६ मि.मी.
• ४१० – सुमारे १०.४ मि.मी. (हा आकडा गोळ्यांच्या संख्येचा नसून इंचाच्या हजारांश भागांत दिलेला व्यास आहे.)

रायफलीच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा स्थिर राहते. खाचा नसलेली नळी गुळगुळीत नळी म्हणून ओळखली जाते. भारतीय कायद्यात या दोन प्रकारांमधील भेदाला फार महत्त्व आहे.

बदली नळीचा हेतू

जेथे शिकार व नेमबाजी कायदेशीर आहे, तेथे बदली नळी घेण्याची कारणे साधारणपणे तीन असतात. पहिले कारण काटकसरीचे: सांगाडा व दस्ता तोच राहिल्याने नवी बंदूक घेण्यापेक्षा नळी स्वस्त पडते. दुसरे सवयीचे: दस्त्याची लांबी, चापाचा ताण व खांद्यावरील बैठक तीच राहते. तिसरे उपयोगाचे: पक्ष्यांसाठी छर्र्यांची नळी, मोठ्या जनावरासाठी रायफलीची नळी आणि सरावासाठी लहान व्यासाची नळी, अशी सोय एकाच सांगाड्यावर होते.

नळी जुळवणे

एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन बंदुकांच्या नळ्या परस्परांना बसतीलच असे नाही. नळी बिजागरीवर बसली व अडसर लागला म्हणजे ती जुळली, हा मोठा गैरसमज आहे. जुळणीच्या बाबतीत पुढील गोष्टी निर्णायक असतात.

काडतुसाच्या बुडाची बैठक: काडतुसाचे बूड व सांगाड्याची भिंत यांत ठरावीक इतकेच अंतर असावे लागते. ते जास्त झाले तर बार होताना काडतुसाचे बूड मागे ढकलले जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू बंदूक चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतात. ते कमी झाले तर बंदूक नीट मिटत नाही.

अडसराची पकड: अडसर व नळीची खाच यांचा संपर्क पुरेशा पृष्ठभागावर झाला पाहिजे. अर्धवट पकड असलेली बंदूक बार होताना उघडू शकते.

आघातपिनेची जागा: मोठ्या काडतुसांत टोपी बुडाच्या मध्यभागी असते, तर .२२ सारख्या लहान काडतुसांत स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत असते. दोन्हींसाठी पिनेची जागा वेगळी असावी लागते.

या कारणांमुळे अमेरिकेतील काही उत्पादकांनी जादा नळी ग्राहकाकडे परस्पर पाठवण्याऐवजी त्याचा सांगाडा कारखान्यात मागवून त्यावर नळी जुळवून देण्याची पद्धत ठेवली होती.

दाब व चाचणी

बार होताना नळीत निर्माण होणारा दाब काडतुसागणिक बदलतो. युरोपीय प्रमाणानुसार साध्या १२ बोअर काडतुसाचा कमाल दाब सुमारे ७४० बार इतका असतो. .३०-०६ या रायफलीच्या काडतुसाचा कमाल दाब सुमारे ४,०५० बार, म्हणजे पाचपटीहून अधिक असतो. छर्र्यांच्या बंदुकीचा सांगाडा, बिजागरी व अडसर हे पहिल्या प्रकारच्या दाबासाठी घडवलेले असतात. त्यावर रायफलीची नळी बसवली तर नळी टिकेल, परंतु सांगाडा टिकेलच याची शाश्वती नसते. म्हणूनच एकनळी बंदुकांचे काही उत्पादक छर्र्यांच्या व रायफलीच्या नळ्यांसाठी निरनिराळे सांगाडे बनवत.

नवी बंदूक विक्रीस जाण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून तिची चाचणी घेतात व उत्तीर्ण बंदुकीवर खूण उमटवतात. लंडनमधील बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. या चाचणीत नळी व सांगाडा यांची एकत्रित कसोटी लागते. दुसरी नळी बसवल्यावर जुन्या चाचणीची खूण नव्या जोडीविषयी काहीही सांगत नाही.

काडतुसांची सरमिसळ

एका बंदुकीला दोन नळ्या असल्या की घरात दोन प्रकारची काडतुसे येतात, आणि अपघाताचे एक जुने कारण त्यातूनच उद्भवते. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत चुकून टाकल्यास ते बैठकीत न थांबता पुढे सरकून नळीत अडकते. नळी रिकामी आहे असे समजून मागे १२ बोअरचे काडतूस भरून बार काढला, तर नळी फुटते आणि पुढचा दस्ता धरलेला हात निकामी होऊ शकतो. हे टळावे म्हणून २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात बनवण्याचा प्रघात पडला.

काडतुसाच्या लांबीतही असाच धोका असतो. जुन्या बंदुकांच्या नळीची बैठक बहुधा ६५ मि.मी. काडतुसासाठी असे, तर आजची काडतुसे सामान्यतः ७० मि.मी. वा ७६ मि.मी. लांबीची असतात. काडतुसाची ही लांबी त्याचे तोंड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड बैठकीत सहज मावते, पण बार होताना त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

इतिहास

बिजागरीवर झुकणाऱ्या नळीची व काडतुसाची बंदूक पॅरिसमधील कारागीर कासिमिर लफोशो यांनी १८३० च्या दशकात प्रचारात आणली. बर्मिंगहॅम येथील अ‍ॅन्सन व डीली यांनी १८७५ मध्ये घोडा सांगाड्याच्या आत लपवणारी रचना सिद्ध केली. तिचा प्रभाव आजच्या बंदुकांवरही दिसतो. अमेरिकेत १९६७ मध्ये आलेल्या ‘थॉम्पसन/सेंटर कंटेंडर’ या एकबारी पिस्तुलाने अदलाबदलीच्या नळ्यांची कल्पना विशेष लोकप्रिय केली. वॉरन सेंटर यांनी रचलेल्या या शस्त्रात आघातपिनेची जागा बदलण्याची सोय होती.

भारतात परवान्याने विकल्या जाणाऱ्या एकनळी व दुनळी बंदुका सरकारी आयुध निर्माणींत, तसेच बिहारमधील मुंगेर व जम्मू येथील खासगी परवानाधारक कारखान्यांत तयार होत आल्या आहेत.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यातील पुढील तरतुदी बदली नळीशी थेट संबंधित आहेत.

• कलम २ मधील ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत अग्निशस्त्राचे भागही समाविष्ट आहेत. त्यामुळे कलम ३ नुसार सुटी नळीदेखील परवान्याविना जवळ बाळगता येत नाही.
• कलम ५ नुसार अग्निशस्त्रांची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती व चाचणी हे व्यवसाय परवान्याविना करता येत नाहीत. गावच्या लोहाराकडून किंवा लेथवर काम करणाऱ्याकडून नळी बनवून वा जुळवून घेणे हा दोघांचाही अपराध ठरतो.
• कलम ६ नुसार परवान्याविना नळी आखूड करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील अग्निशस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्यासही मनाई झाली. गुळगुळीत नळीच्या बंदुकीला रायफलीची नळी बसवल्यास शस्त्राचा वर्गच बदलतो.
• कलम ८ नुसार शस्त्रावरील क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, बदलणे वा बनावट करणे निषिद्ध आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ व ६ च्या उल्लंघनास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावासाची व दंडाची तरतूद आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. म्हणून जादा नळी विकत घेण्यापूर्वी परवाना प्राधिकरणाची परवानगी मिळवून परवान्यावर तशी नोंद करून घेणे आवश्यक ठरते.

वऱ्हाडातील स्थिती

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा व ज्वारी ही पिके घेतली जातात. उत्तरेस मेळघाट व नरनाळ्याचे जंगल, तर दक्षिणेस काटेपूर्णा अभयारण्याचा परिसर आहे. रानडुकरे, रोही (नीलगाय) व हरणांचे कळप रात्री शेतात उतरतात आणि हाताशी आलेले पीक एका रात्रीत तुडवतात. त्यामुळे मचाणावर बसून जागल करणे हा येथील शेतकऱ्याच्या हंगामाचा भागच आहे. जठारपेठेसारख्या अकोल्याच्या शहरी वस्तीत राहून बाहेरगावची शेती सांभाळणाऱ्या कुटुंबांनाही ही चिंता असते.

अशा गरजेसाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. पीकसंरक्षणासाठी प्राधान्याने ठासणीची बंदूक विचारात घेतली जाते. ती पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकरणाची खात्री पटल्यास किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक मंजूर होऊ शकते. म्हणजे पीकसंरक्षणाच्या बंदुकीची नळी गुळगुळीत असावी व ती फार आखूड नसावी, ही अट कायद्यानेच घातलेली आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौशी शिकार पूर्णतः बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही अनुसूची दोनमध्ये, तर काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. कलम ११ नुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या अनुसूची दोनमधील प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. पिकाच्या नुकसानीच्या कारणाने काळवीट मारण्याची परवानगी मिळत नाही. परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता असते.

भूप्रदेशाचाही विचार येथे महत्त्वाचा आहे. बारीक छर्रे साधारणपणे दोन-अडीचशे मीटरच्या आत जमिनीवर येतात. मोठे छर्रे त्याहून दूर जातात, तर रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात गोळी अडवणारा टेकडीचा आडोसा नसतो आणि हंगामात आजूबाजूच्या शेतांतही माणसे जागलीला असतात. गुळगुळीत नळीची कायद्यातील अट अशा ठिकाणी शेजारच्या मचाणावरील माणसाचेही रक्षण करते.

पर्याय

छर्र्यांचा फैलाव बदलणे एवढाच हेतू असल्यास अनेक आधुनिक बंदुकांना नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसणारे ‘चोक’ मिळतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा किंचित निमुळता भाग. १२ बोअरच्या पूर्ण चोकमध्ये हा निमुळतेपणा सुमारे एक मि.मी. असतो. तेवढ्याने चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे पडतात. चोक बदलल्याने सांगाडा, काडतुसाची बैठक व शस्त्राचा वर्ग यांत फरक पडत नाही. तथापि ज्या नळीला कारखान्यातच आटे पाडलेले आहेत, तिलाच असे चोक बसवता येतात. जुन्या पातळ नळीला नव्याने आटे पाडल्यास तिचे तोंड कमकुवत होते.