धामणीच्या पेटीतला थर्मोस्टॅट

सकाळी सात. धामणीची पिल्लं वनखात्याच्या माणसांसोबत रानात सोडून झाली. खोदकामात उघड्या पडलेल्या त्या अंड्यांना दोनेक महिने २८ ते ३० अंशांची ऊब देणारी थर्माकोलची पेटी आता रिकामी आहे. ओलसर कोकोपीट कुजलंय, पेटीही टाकायची. पण बल्ब चालू-बंद करणारा डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट टाकायचा नाही. शेजारच्या वहिनींनी गावठी कोंबडीची पिल्लं आणलीत, अंगाखाली घ्यायला कोंबडी नाही.

आठ. आधी प्लग काढला. अडॅप्टरची बाजू १२ व्होल्टची असली, तरी रिलेच्या स्क्रूंवर घरातली २३० व्होल्टची लाइन येते आणि बोर्डाच्या पाठीवर तिचे टाके उघडे असतात. म्हणून बोर्डाला प्लॅस्टिकची डबी हवीच.

नऊ. खरं काम इथे आहे. पेटीतल्या दमटपणाने सेन्सरच्या पिनांवर हिरवट गंज चढलाय. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. गंजाचा रोध त्यात मिसळला, की बोर्डाला वाटतं गारवा आहे, आणि बल्ब गरजेपेक्षा जास्त वेळ जळत राहतो. पिल्लं भाजतात ती अशी. जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना घासल्या, पितळ दिसेपर्यंत. सेन्सर मी नवाच लावतो, १० किलोओहमचा. सापांकडून साल्मोनेला येऊ शकतो, म्हणून जुना सेन्सर पुन्हा वापरत नाही.

अकरा. रिले टक् वाजला म्हणजे तो शाबूत आहे, असं मी धरत नाही. आतले संपर्क चिकटले, तर बल्ब विझतच नाही. मल्टिमीटर लावून पाहिलं : बंद म्हणजे बंद, चालू म्हणजे चालू.

बारा. कोमट पाण्यात सेन्सर आणि ताप मोजायचा थर्मामीटर शेजारी शेजारी धरले. थर्मामीटर ३५.८, बोर्ड ३५.१. पी-४ मध्ये ०.७ ची दुरुस्ती टाकली. पी-० वर एच, म्हणजे तापवायचं, आणि पी-१ मध्ये एक अंशाचा फरक.

चार. वहिनींची पडवी. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, वर जाळीतला ६० वॅटचा बल्ब, साखळीने टांगलेला. सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, पण बल्बच्या थेट खाली नाही. पहिल्या आठवड्याला ३५ अंश.

“भावजी, रात्री लाइट गेली तर?”

“मग थर्मोस्टॅटला काही करता येणार नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा, वर गोणपाट घाला. थोडी हवा राहू द्या.”

सात. पिल्लं खोक्यात पसरून दाणे टिपताहेत. बल्बखाली गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजतेय; कडेला जाऊन चोची उघडून बसली, तर उकडतंय. आकड्यापेक्षा मी त्यांचं ऐकतो. पुढच्या आठवड्यात ३२ वर आणायचं, आणि पिसं फुटली की आणखी खाली.