एक लाखाचा चरखा

१९२९च्या जुलैत गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं. संघाच्या अटींत बसणारा चरखा जो कोणी बनवेल, त्याला एक लाख रुपये. तोळाभर सोनं वीस-बावीस रुपयांना मिळायचं, तेव्हाची ही गोष्ट. परदेशातल्या इंजिनिअरांनीही डोकं चालवावं म्हणून रक्कम पौंडांतही छापली होती, सुमारे ७,७०० पौंड. मुदत होती ३० ऑक्टोबर १९३०.

अटी मुळातून पाहण्यासारख्या आहेत. चरखा हलका आणि उचलून नेता येणारा हवा, हाताने किंवा पायाने चालणारा, खेड्यातल्या घरात मावणारा. बाईमाणसाला तो फार दमछाक न होता आठ तास चालवता आला पाहिजे. हाताने वळलेले पेळू त्यावर चालले पाहिजेत, नाहीतर पिंजण्याची सोयही त्याच यंत्रात हवी. आठ तासांत १२ ते २० नंबरचं सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या आत. आयुष्य वीस वर्षं, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. संशोधकाने पेटंट घ्यायला हरकत नव्हती, पण बक्षीस उचलायचं तर पेटंटचे हक्क संघाच्या नावे करून द्यायचे.

सोळा हजार फूट म्हणजे किती? कातणाऱ्यांच्या हिशेबात चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. म्हणजे दिवसाला सव्वासहा गुंड्या झाल्या. साध्या चरख्यावर सराईत हात तासाला तीनशे ते चारशे वार सूत काढतो. संघाला त्याच्या जवळजवळ दुप्पट हवं होतं.

आजच्या एखाद्या कंपनीने नव्या मालाचा आराखडा करावा, तशी ही यादी आहे. संशोधक मंडळींचा जीव ‘यंत्र चालतं की नाही’ यात अडकलेला असतो. किंमत, वजन, आयुष्य, मोडलं तर खर्च किती, हे प्रश्न त्यांना मागाहून सुचतात. इथे ते पहिल्याच दिवशी विचारलेले होते. एकच गोष्ट यादीत नव्हती. ते दीडशे रुपये भरणार कोण?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या चरख्याची आठवण निघायला कारण आहे. कळंब म्हणजे चिंतामणीचं गाव. देऊळ जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं, आत कुंड. बारा वर्षांनी त्या कुंडाचं पाणी चढतं असं सांगतात. देवळापासून बाहेर पडलात की चारही दिशांना काळी जमीन आणि कपाशी. दिवाळी म्हणजे इथे वेचणीचे दिवस. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं आणि कळंबला पहिल्यांदा रूळ दिसले. या रुळाच्या एका टोकाला कापूस आहे आणि दुसऱ्या टोकाला वर्धा, म्हणजे गेलं शतकभर चरख्यावर ठोकाठोक करणारं गाव. तिथल्या मगन संग्रहालयात (गांधीजींनीच ३० डिसेंबर १९३८ला त्याचं उद्घाटन केलं) या ठोकाठोकीचा इतिहास लाकडा-लोखंडात मांडून ठेवला आहे.

बक्षिसासाठी आलेल्या यंत्रांपैकी गंभीरपणे घ्यावा असा एक चरखा किर्लोस्करवाडीत घडला होता. काळे नावाच्या संशोधकाची कल्पना आणि किर्लोस्करांचा कारखाना. मराठी वाचकाला इथे थांबायलाच हवं, कारण शोधाचा विकाऊ माल कसा करायचा हे त्या काळी महाराष्ट्रात कुणाला कळलं असेल, तर याच कारखान्याला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत. नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगरात नवा शोध म्हणावा असं फारसं नव्हतं. विलायती नांगर बाजारात होतेच. प्रश्न गिऱ्हाइकाचा होता. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि साप यांच्याशिवाय तिथे काही नव्हतं हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९२० साल उजाडताना शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’. कारखान्याचा माल, त्याची माहिती, वापरणाऱ्यांशी बोलणं यासाठी निघालेलं ते छोटंसं पत्र. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. मराठी मध्यमवर्गाचं निम्मं वाचन ज्या घराण्याने पुरवलं, त्याचं मूळ नांगर खपवण्याच्या खटपटीत होतं, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

नांगराचा झिजलेला फाळ बदलून मिळतो, हे कास्तकाराला एकदा कळलं की त्याची भीती निम्मी होते. (आमच्या वऱ्हाडात काळ्या जमिनीला वखर पुरे म्हणून नांगराची घाई कमीच होती, पण हराळी-कुंद्याने शेत गिळलं की नांगराशिवाय गत्यंतर नसे.) शिवाय नांगर विकत घेणारा आणि त्याचा फायदा पदरात पाडणारा माणूस एकच. पैसे त्याचे, पीक त्याचं.

काळ्यांच्या चरख्याचं तसं नव्हतं. तो तपासणीपर्यंत पोचला, पण अटींना उतरला नाही. लाख रुपयांचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही. समजा, तो सगळ्या अटींतून पार पडला असता, तरी पुढे काय झालं असतं? १९३५मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की कातणाऱ्या बाईला आठ तासांना आठ आणे मिळायला हवेत. संघाला ते झेपेना. मोठ्या वादावादीनंतर किमान तीन आणे ठरले. तीन आण्यांच्या दराने दीडशे रुपये म्हणजे २,४०० आणे, म्हणजे आठशे दिवसांची पूर्ण मजुरी. पोटाला एक दाणाही न खाता सव्वादोन वर्षं कातायचं, तेव्हा चरखा फिटणार. उत्पादन दुप्पट झालं असतं असं धरलं तरी वर्षाहून अधिक. म्हणजे तो चरखा त्या बाईने कधीच घेतला नसता. संघाने घेऊन तिला वापरायला दिला असता. मग तो मोडला की ‘संघाचा चरखा मोडला’ असं झालं असतं.

याच सुमारास दुसरा एक चरखा मात्र देशभर गेला, विनाबक्षीस, विनापेटंट. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी वापरत आणि सुधारत गेले तो पेटी चरखा, म्हणजेच येरवडा चक्र. अजूनही काही घरांच्या माळ्यावर तो सापडतो. पितळी कडी काढून झाकण उघडलं की आत दोन चाकं आडवी बसवलेली दिसतात, एक मोठं, एक लहान. मोठ्या चाकाला मूठ. त्याची दोरी लहान चाकाला फिरवते, लहान चाकाची माळ चातीला. दोन टप्प्यांत वेग वाढत असल्यामुळे चाक लहान असूनही चाती झपाट्याने फिरते. मोठं चाक स्प्रिंगवर बसवलेलं, म्हणून दोरी सैल पडली तरी ताण कायम राहतो. चातीचा खांब आडवा पाडला की सगळं पेटीत मावतं. कोपऱ्यात जास्तीच्या चात्या आणि सूत गुंडाळायचा फाळका.

सोळा हजार फुटांच्या जवळपासही हा चरखा जात नाही. पण त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं: रेल्वेने फिरणारा, तुरुंगात जाणारा, सभेत मांडी घालून बसणारा कार्यकर्ता. त्याला मजुरी मिळवायची नव्हती, रोजचं सूत पुरं करायचं होतं. त्याच्यासाठी वजन आणि घडी एवढंच महत्त्वाचं. गरिबाच्या पोटासाठी मागवलेला चरखा झाला नाही आणि खाऊनपिऊन सुखी माणसाचा चरखा सुबक झाला. हे बोचणारं आहे, पण तसंच घडलं.

कापसाच्या यंत्रांचा इतिहास अशा हिशेबांनी भरलेला आहे. अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी वेगळी करायचं यंत्र काढलं, १७९४मध्ये पेटंट मिळवलं, आणि त्याला व त्याच्या भागीदाराला वाटलं की यंत्र विकूच नये. आपणच कापूस लोढून द्यावा आणि मोबदल्यात त्यातला दोन पंचमांश ठेवून घ्यावा. शेतकऱ्यांनी काय करावं? गावच्या सुताराकडून आणि लोहाराकडून तसंच यंत्र करून घेतलं. यंत्र सोपं होतं, तोच त्याचा गुण आणि तोच व्हिटनीचा घात. पेटंट खरं ठरवून घेण्यात त्याची वर्षं गेली. जॉर्जियातल्या कोर्टाने १८०७मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा पेटंटची मुदत संपत आली होती. इकडे विदर्भातल्या जिनिंगमध्ये त्याच्या दातेरी यंत्रापेक्षा रोलरच चालला. मॅकार्थीने १८४०मध्ये काढलेल्या रोलर जिनचा वंशज असलेली डबल रोलर जिन आज नागपुरात तयार होते आणि आफ्रिकेतल्या देशांत जाते. शोध तिकडचा, माल इकडचा. याबद्दल आपल्याकडे कुणी अभिमानाने बोलत नाही. जिनिंगचा आवाज आणि धूळ यात काव्य नसावं.

स्वातंत्र्यानंतर लाखाच्या चरख्याचं स्वप्न तमिळनाडूतल्या एकंबरनाथ यांनी जवळजवळ खरं केलं. त्यांच्या नावावरून अंबर चरखा. गिरणीतली रिंग स्पिनिंगची पद्धत त्यांनी लाकडी चौकटीत आणली: रुळांच्या जोड्यांतून पेळू ओढला जातो, पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते म्हणून तो बारीक होत जातो, आणि चार चात्या एकदम पीळ देतात. कातणाऱ्याच्या बोटांतली कला रुळांत गेली. १९५५च्या कर्वे समितीने ग्रामोद्योगांची बाजू घेतली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अंबरला पैसा मिळाला, शिकवायला परिश्रमालयं निघाली.

अडचण रुळांतच होती. माणसाचं बोट जाडाभरडा पेळूही सांभाळून घेतं, रूळ घेत नाही. त्यांना एकसारखा पेळू हवा. म्हणून चरख्यासोबत कापूस पिंजायला धुनाई मोढिया आला, पेळू करायला बेलणी आली. एका यंत्राची तीन यंत्रं झाली. लाकूड पावसाळ्यात फुगायचं, रूळ झिजायचे, आणि सुटा भाग मिळेपर्यंत चरखा भिंतीला टेकून उभा. अमर्त्य सेन यांनी ‘चॉइस ऑफ टेक्निक्स’मध्ये अंबरचा आर्थिक हिशेब तपासला, तो अंबरच्या बाजूने गेला नाही. पुढे लोखंडी, सहा-आठ चात्यांचे चरखे आले, आणि पेळूचं काम खादी आयोगाच्या सिहोर, चित्रदुर्ग, रायबरेलीसारख्या ठिकाणच्या केंद्रांकडे गेलं. म्हणजे कळंबचा कापूस जिनिंगमध्ये, तिथून गाठींतून दूरच्या केंद्रात, आणि तिथून पुन्हा एखाद्या खेड्यातल्या चरख्यावर. झोपडीत बसणाऱ्या यंत्राच्या मागे शेकडो मैलांची वाहतूक उभी राहिली.

वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत सौर चरखा तयार झाला तेव्हा हाताचे कष्टही गेले. २७ जून २०१८ला मिशन सोलर चरखा सुरू झालं. ५० समूह, ५५० कोटींचं अनुदान. आता अडसर कायद्याचा. १९५६च्या खादी व ग्रामोद्योग आयोग कायद्यानुसार खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचं हातमागावर विणलेलं कापड. सौर पॅनेलवर फिरणाऱ्या चातीचं सूत हातकताई ठरत नाही. त्यामुळे त्या कापडाला खादीचा शिक्का नाही, आणि त्या शिक्क्यामागची दुकानं, गिऱ्हाईक, दिवाळीची सूट, काहीच आपोआप मिळत नाही. गिरणीच्या कापडापेक्षा महाग आणि खादीच्या नावाविना, अशा बेचक्यात माल सापडतो. माझं मत विचाराल तर खादीची व्याख्या सैल करू नये. हाताने कातणारीचं उरलंसुरलं संरक्षण त्याच एका शब्दात आहे. सौर कापडाने आपलं नाव आणि आपलं गिऱ्हाईक स्वतः शोधावं.

कळंब-राळेगावच्या रस्त्यावर वेल्डिंगच्या दुकानांत आजही काहीतरी नवं जुळत असतं: डवऱ्याला सायकलचं चाक, ट्रॅक्टरच्या वखराला खत पेरायची पेटी, फवारणीचा पंप ओढायचा गाडा. त्यांच्यापैकी कुणी हा लेख वाचत असेल तर कामाच्या दोन गोष्टी. शेती करण्याच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, अवजाराला मिळू शकतं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं. अर्ज ऑनलाइन होतो, महाराष्ट्राचं पेटंट कार्यालय मुंबईत आहे, आणि आधी कुणी तेच केलंय का याचा शोध कसा घ्यायचा हे शिकवणारी केंद्राची बौद्धिक संपदा संस्था नागपुरातच आहे. एकट्या माणसाला अर्जाची सुरुवातीची फी फार नाही. सुरुवातीला तात्पुरता तपशील देऊन तारीख पक्की करता येते, पूर्ण तपशिलाला बारा महिने मिळतात. पण हे सगळं कृषी प्रदर्शनात यंत्र मांडण्याच्या, मोबाइलवर व्हिडिओ फिरवण्याच्या आणि शेजारच्या गावात चार नग विकण्याच्या आधी. नंतर गेलात तर तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध पुरावा होतो.

आणि पेटंट हातात आलं तरी सुट्या भागांचं काम पहिल्या दिवशी सुरू करा. जो भाग सगळ्यांत आधी झिजणार, तो कळंबच्या बाजारात मिळणाऱ्या मापाचाच ठेवा: बेअरिंग, पट्टा, नटबोल्ट. गिऱ्हाईक यवतमाळला फोन करण्याआधी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जातं.