रक्ताचा नमुना ठेवला कसा, त्यावर अहवाल ठरतो

शरीरातून काढलेल्या रक्तातील पेशी नळीत गेल्यावरही जिवंत असतात. त्या ग्लुकोज वापरत राहतात. त्यामुळे नमुना कोणत्या नळीत, किती वेळ आणि किती तापमानाला राहिला, यावर अहवालातील आकडे बदलतात.

याचा पहिला फटका साखरेच्या तपासणीला बसतो. साध्या नळीत, नेहमीच्या तापमानाला, पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातील ग्लुकोज ताशी साधारण 5 ते 7 टक्क्यांनी घटते. उपाशीपोटीची साखर 130 असेल, तर दोन तासांनी ती 115च्या आसपास दिसेल. मधुमेहाची मर्यादा 126 आहे. म्हणजे रुग्णाचा आजारच नजरेतून सुटेल. यासाठी करड्या बुचाच्या नळीत फ्लोराइड असते. मात्र त्याचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास लागतात आणि तोवर थोडी घट होतेच. सायट्रेटच्या आम्लतेने पेशींचा ग्लुकोज-वापर लगेच थांबतो.

नमुना फ्रिजमध्ये ठेवला की काम झाले, हा समज पोटॅशियमच्या बाबतीत चुकीचा ठरतो. तांबड्या पेशींमध्ये बाहेरच्यापेक्षा वीसपटींहून जास्त पोटॅशियम असते. ते आत राखणारा पेशीपटलातील पंप थंडीत मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. सीरम स्वच्छ दिसते, पण आकडा वाढलेला येतो. निरोगी माणसावर विनाकारण उपचार होऊ शकतात किंवा खरी कमतरता झाकली जाते. पेशी फुटल्या तर सीरम लालसर होते आणि पोटॅशियमबरोबर एलडीएचही वाढते.

इतर तपासण्यांची गरज वेगवेगळी असते. सीबीसीच्या नमुन्यात हिमोग्लोबिन दिवसभर टिकते, पण तांबड्या पेशी हळूहळू फुगतात आणि पांढऱ्यांचा आकार बिघडतो; म्हणून स्लाइड लवकर करावी लागते. बिलिरुबिन उजेडात घटते. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून तातडीने तपासावा लागतो. एचबीए१सी मात्र फ्रिजमध्ये काही दिवस स्थिर राहते.

संकलन केंद्रातून दूरच्या लॅबकडे जाणाऱ्या नमुन्यांसाठी म्हणूनच शिस्त हवी. साध्या नळीतील रक्त साधारण अर्धा तास गोठू द्यावे, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे करावे आणि मगच ते 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे. अधिक काळासाठी ते गोठवावे, पण पुन्हा पुन्हा वितळवू नये. रक्त काढल्याची वेळ नळीवर लिहिलेली असली, तरच लॅबला आकड्यावर किती विसंबायचे हे ठरवता येते.